गुडघ्याचे कलम : स्वतःचे की दात्याचे?

मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांशी बांधून ठेवणारा गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, म्हणजेच एसीएल, पूर्ण तुटला की तो सहसा आपोआप सांधत नाही. शस्त्रक्रिया ठरलीच, तर बहुधा त्याच्या जागी एखाद्या कंडरेचे कलम बसवतात. ही कंडरा कोठून घ्यावी, याचा निर्णय कुटुंबाने समजून-उमजून घ्यायला हवा.

एक मार्ग रुग्णाच्या स्वतःच्या कंडरेचा. मांडीच्या मागची, गुडघ्याच्या वाटीखालची किंवा वाटीवरची कंडरा यासाठी घेतात. ती लवकर रुजते. मात्र जेथून काढली तेथे वेदना आणि अशक्तपणा काही काळ राहतो. वाटीखालची कंडरा घेतल्यास गुडघे टेकताना पुढेही दुखू शकते.

दुसरा मार्ग मरणोत्तर दान केलेल्या कंडरेचा. एचआयव्ही, कावीळ ब व क यांसाठी दात्याची तपासणी करून ती टिश्यू बँकेत गोठवून ठेवतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणाप्रमाणे यात रक्तगट जुळवावा लागत नाही, की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागत नाहीत. रुग्णाच्याच पेशी हळूहळू या कलमात वस्ती करतात. मात्र ही प्रक्रिया संथ असते.

म्हणूनच वय महत्त्वाचे ठरते. मैदानी खेळ खेळणाऱ्या विशीतील तरुणांत दात्याचे कलम पुन्हा तुटण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळते. चाळिशीनंतर, बेताची हालचाल असणाऱ्यांत, हा फरक बराच कमी होतो. नातवाला जे टाळावे असे सांगितले जाते, तेच आजोबांना चालू शकते.

परंतु ज्येष्ठांनी त्याआधी एक प्रश्न विचारावा : शस्त्रक्रिया हवीच का? चालताना गुडघा निसटत नसेल, तर मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामावर अनेकांचे उत्तम भागते. दुखणे सांध्याच्या झिजेचे असेल, तर नवा अस्थिबंध बसवून ते थांबणार नाही.

दात्याचे कलम ठरलेच, तर ते कोणत्या टिश्यू बँकेतून येणार आणि ती नोंदणीकृत आहे का, हे विचारावे. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला असून टिश्यू बँकेला नोंदणी बंधनकारक आहे. निर्जंतुक करण्यासाठी किरणोत्सर्ग वापरला का, हेही विचारावे; त्याची मात्रा अधिक असल्यास कंडरा कमकुवत होते. कलमाचा वेगळा खर्च आधीच लिहून घ्यावा.

शेवटी एक सूचना शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. दात्याच्या कलमात दुसरी जखम नसल्याने वेदना लवकर ओसरतात आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. आत मात्र कलम अजून रुजत असते. जिना, मांडी घालणे, उकिडवे बसणे यांची परवानगी डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी द्यावी; दुखत नाही, एवढ्यावरून ती गृहीत धरू नये.