निष्ठेच्या मैलांचा हिशेब

मुंबई-पुण्याची नोकरी सोडून अमेरिकेतील डलासला किंवा अटलांटाला गेलेल्या मराठी अभियंत्याला घर, मुलांची शाळा आणि मोटार यांच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न पडतो: आता कोणत्या विमान कंपनीचे सभासद व्हावे? बंगळूरला वा दिल्लीला बदलून गेलेल्या नोकरदारालाही हल्ली तोच प्रश्न पडू लागला आहे. कंपनीच्या 'लॉयल्टी प्रोग्रॅम'मध्ये, म्हणजे निष्ठा-योजनेत, नाव नोंदवायचे, प्रत्येक प्रवासागणिक मैल किंवा गुण साठवायचे, पुरेसे साठले की फुकट तिकीट पदरात पाडून घ्यायचे. वर्षाचा खर्च ठराविक रेषेपलीकडे गेला तर रांगेत अग्रक्रम, विश्रामकक्षात फराळ आणि नशीब असल्यास वरच्या वर्गात बढती. कोणती योजना निवडावी हे सांगणाऱ्या सल्लागारांचाही एक धंदा उभा राहिला आहे. एसटीच्या थांब्यावर तासन् तास तिष्ठणाऱ्या माणसांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हा विषय चैनीचा वाटेल आणि तो पान उलटू पाहील. त्याने ते उलटू नये. विमानात कधी पाऊलही न ठेवलेल्या माणसाच्या खिशातून या फराळाचा काही खर्च निघतो.

या योजनेचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला हे आधी पाहिले पाहिजे. 1978 पर्यंत अमेरिकेत विमानांची भाडी आणि मार्ग एक सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षी कायदा होऊन हे नियंत्रण उठू लागले. त्या मंडळाचे अध्यक्ष, अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान हेच त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करतील आणि भाडी उतरतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाडी पुष्कळ मार्गांवर उतरलीही. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्पर्धेचा जयघोष करणाऱ्या भांडवलदाराला स्वतःच्या दारातली स्पर्धा कधीच सोसवत नाही. मे 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली निष्ठा-योजना सुरू केली, काही दिवसांतच युनायटेडने तिचे अनुकरण केले आणि मग बाकीच्या कंपन्या धावत सुटल्या. भाव मोकळे झाले आणि तीनच वर्षांत गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची दोरी तयार झाली, हा काही योगायोग नव्हे.

बाजाराचा पाठ्यपुस्तकी सिद्धांत असे गृहीत धरतो की, गिऱ्हाईक प्रत्येक खरेदीला नव्याने बाजारात उतरते, भाव पाहते आणि स्वस्त माल निवडते. निष्ठा-योजनेने नेमका हाच पाया उखडला. साठलेले मैल वाया जाऊ नयेत म्हणून माणूस हजार रुपये महाग तिकीट घेतो आणि वर आपण काही कमावले अशा समाधानात राहतो.

नव्या शहरात गेलेल्याला सल्लागार काय सांगतात? तुमच्या विमानतळावरून ज्या कंपनीची सर्वाधिक विमाने सुटतात, तिची योजना घ्या. सल्ला व्यवहाराला धरून आहे, आणि साऱ्या प्रकाराचे मर्म त्यातच दडले आहे. डलासला अमेरिकन एअरलाइन्सचे ठाणे, अटलांटाला डेल्टाचे. तेव्हा डलासला गेलेला अमेरिकनचा सभासद होतो, अटलांटाला गेलेला डेल्टाचा. निवड माणसाने केली असे म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. ती ज्या दिवशी घर भाड्याने घेतले त्याच दिवशी होऊन गेलेली असते. जिच्या हाती विमानतळ, तिच्याकडे सभासद. जिच्याकडे सभासद, तिच्याच हाती विमानतळ. चार मार्ग घेऊन नवी कंपनी त्या शहरात आली, तर तिने भाडे थोडे कमी ठेवून भागत नाही. प्रवाशाचे बुडणारे मैल आणि गमावलेला अग्रक्रम यांचीही भरपाई तिला स्वस्त भाड्यातून करावी लागते. ती किती दिवस तग धरणार?

नोकरदाराला तरी हे महाग तिकीट कसे परवडते, अशी शंका येईल. त्याचे उत्तर सोपे आहे: पुष्कळदा ते तो घेतच नाही. तिकिटाचे पैसे मालक भरतो आणि मैल नोकराच्या खात्यात जमा होतात. दुसऱ्याच्या पैशाने महाग खरेदी करावी म्हणून खरेदी करणाऱ्याच्या हातावर ठेवलेल्या रकमेला साध्या मराठीत दलाली किंवा लाच म्हणतात. विमानाच्या धंद्यात तिला निष्ठेचे बक्षीस म्हणतात. भारत सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना सरकारी प्रवासाचे मैल सरकारी कामासाठीच वापरण्याची सक्ती केली आहे, ती याच कारणाने. आणि या मोहापासून डावी मंडळी अलिप्त असतात अशा भ्रमात कोणी राहू नये. 2002 साली जर्मनीत लोकप्रतिनिधींनी सरकारी दौऱ्यांचे मैल खाजगी प्रवासाला वापरल्याचे उघडकीस आले, तेव्हा लोकशाही समाजवाद पक्षाचे नेते ग्रेगोर गीझी यांना बर्लिनच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. भांडवलशाहीचे मर्मग्राही टीकाकार म्हणून त्यांची ख्याती होती.

मालकाचे पैसे नोकराने उडवले, यात कामगारवर्गाचे काय गेले, असे कोणी विचारील. पण आता ही योजना केवळ विमानप्रवासापुरती राहिलेलीच नाही. कंपन्या मैल छापतात आणि ते बँकांना विकतात. बँका ते आपल्या क्रेडिट कार्डवाल्यांना वाटतात. एकट्या अमेरिकन एक्स्प्रेसकडून डेल्टाला 2024 साली सात अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. 2020 च्या महामारीत विमाने जमिनीवर बसली, तेव्हा युनायटेडने आपली निष्ठा-योजनाच तारण ठेवून अब्जावधींचे कर्ज उभारले. कंपनीने या योजनेचे मूल्य सुमारे 22 अब्ज डॉलर सांगितले. साऱ्या कंपनीच्या समभागांची बाजारातील किंमतसुद्धा त्या वेळी त्याहून कमी होती! म्हणजे विमाने, वैमानिक, यांत्रिक आणि सामान उचलणारे हमाल यांसह कंपनीची किंमत कमी, आणि गिऱ्हाइकांच्या खातेवहीची जास्त.

बँका मैल विकत घेतात ते पैसे कोठून येतात? कार्डाने केलेल्या प्रत्येक खरेदीवर दुकानदाराकडून शुल्क कापले जाते. दुकानदार ते स्वतःच्या नफ्यातून भरीत बसत नाही, मालाच्या किमतीत घालतो, आणि ती किंमत रोख देणाऱ्यालाही तीच पडते. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी 2010 साली याचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारे अमेरिकेतील सरासरी कुटुंब वर्षाला 149 डॉलर गमावते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात 1,133 डॉलर पडतात, असा तो निष्कर्ष होता. गरिबाकडून घेऊन श्रीमंताला देणारा हा कर कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही.

आणि ज्या मैलांसाठी हा सारा खटाटोप, ते तरी धारकाच्या मालकीचे असतात काय? सप्टेंबर 2023 मध्ये डेल्टाने सभासदांचा दर्जा किती उडलात यावर नव्हे, तर केवळ किती खर्च केलात यावर ठरेल असे जाहीर केले. ओरड झाली तेव्हा, आपण जरा अतिरेक केला, अशी कबुली देत कंपनीने काही पावले मागे घेतली. मर्जी कंपनीचीच. मिनेसोटातील एका ज्यू धर्मगुरूला नॉर्थवेस्ट कंपनीने 2008 साली योजनेतून काढून टाकले. त्याने दाद मागितली, तर 2014 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने निकाल दिला की, 1978 च्या नियंत्रणमुक्तीच्या कायद्यामुळे राज्याच्या कायद्याखालील सद्‌भावाच्या तत्त्वावर असा दावा चालू शकत नाही. गिऱ्हाइकाने निष्ठेने वागावे; कंपनीवर मात्र सद्‌भावाचे तसे बंधन नाही.

हा अमेरिकन मासला पाहून इकडच्या वाचकाने निश्चिंत होऊ नये. 1953 साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, 1994 साली तो कायदा रद्द झाला आणि स्पर्धेच्या स्वर्गाचे आश्वासन देण्यात आले. किंगफिशर 2012 साली बंद पडली, जेट 2019 साली. 2022 साली एअर इंडिया टाटांकडे गेली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा तीत विलीन झाली. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोचे, आणि टाटांचे मिळवले तर जवळजवळ नव्वद टक्के दोघांचे. गंमत अशी की, 2006 पासून उडणाऱ्या इंडिगोला आपली स्वतंत्र निष्ठा-योजना काढावीशी वाटली ती 2024 साली, बाजाराचा सिंहाचा वाटा मुठीत आल्यानंतर. डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची वेळीच तयारी न केल्यामुळे तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांपुढे दुसरी कंपनी निवडण्याचे स्वातंत्र्य कितीसे होते?

जेटचे उदाहरण तर प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. एप्रिल 2019 मध्ये कंपनीची विमाने थांबली तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले होते. पण तिची निष्ठा-योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती, तिचे निम्म्याहून थोडे अधिक भाग अबूधाबीच्या एतिहादकडे होते. विमाने बंद पडली, योजना मात्र नवे नाव घेऊन चालू राहिली. गिऱ्हाइकांच्या मैलांना वाली मिळाला, यांत्रिकांच्या पगाराला मिळाला नाही. वर्षानुवर्षे रात्रपाळीत विमाने दुरुस्त करणाऱ्यांच्या निष्ठेचे मैल कोणत्या खात्यात जमा होतात?

सवलत देणे हे काही पाप नव्हे. महाराष्ट्रात एसटी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट नेते आणि स्त्रियांना अर्ध्या भाड्यात. ती सवलत गरज पाहून ठरते, जाहीर असते, तिच्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो. विमानाची सवलत ज्याने अधिक उधळले त्याला अधिक, या न्यायाने चालते. आणि ज्या देशात ही दुसरी सवलत फोफावते आहे, त्याच देशात रेल्वेने मार्च 2020 मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत, महामारीचे कारण पुढे करून, काढून घेतली.

उपाय नाहीत असे नाही. नॉर्वेत स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या हाती देशांतर्गत वाहतूक जवळजवळ एकवटली, तेव्हा तेथील स्पर्धा-प्राधिकरणाने 2002 साली तिला देशांतर्गत प्रवासावर गुण वाटण्यास मनाई केली. त्याच वर्षी नवी कंपनी मैदानात उतरली आणि टिकली. 2013 साली बंदी उठली तोवर ती पाय रोवून उभी होती. भारतीय स्पर्धा आयोगाला असे करण्यापासून कोणी अडवले आहे? ज्या मार्गावर एका कंपनीचा निम्म्याहून अधिक हिस्सा आहे, तेथे मैल वाटण्यास बंदी, ही मागणी संसदेत आणि आयोगापुढे मांडता येण्याजोगी आहे. रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डावरील शुल्काला कमाल मर्यादा घातली, तशी ती क्रेडिट कार्डालाही घालावी. मैल वाटण्याचा पैसा तेथूनच येतो. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीची निष्ठा-योजना, ती कोणत्याही नावावर असो, कामगारांच्या थकीत वेतनाला प्रथम बांधील धरावी. नव्या शहरात गेलेल्या आपल्या सहानुभूतीदाराने मात्र कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. त्याने दर खेपेस सर्व कंपन्यांची भाडी पाहून, त्यांत सोयीचे आणि स्वस्त असेल ते तिकीट घ्यावे, आणि पुढच्या खेपेस ती कंपनी विसरून जावी.