लाल पट्टे आणि मागच्या सीटवरच्या काकू

परवा शनिवारी मित्राच्या गाडीतून पेणहून रोह्याला गेलो. साधी हॅचबॅक, पण पुढे दोन लालभडक चार-पट्टी रेसिंग हार्नेस! "बघ, आता एकदम सेफ," साहेब छाती फुगवून म्हणाले. मागे त्याची आई. काकू बेल्ट शोधत होत्या, आणि त्यांच्या बेल्टच्या खालच्या बोल्टलाच साहेबांनी हार्नेस आवळलेला! काकू तशाच बसल्या. भिसे खिंडीच्या वळणांवर माझा जीव मागच्या सीटवर होता.

मंडळी, हार्नेस ही सुटी वस्तू नाही. रेसच्या गाडीत त्याच्या जोडीला बकेट सीट, रोल केज, हेल्मेट आणि डोकं आवरून धरणारं 'हान्स' असतं. डेल अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनात गेला, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर होऊन. हार्नेस होता, हान्स नव्हतं. त्याच वर्षी नॅस्कारने तसं उपकरण सक्तीचं केलं.

आता थोडं फिजिक्स. ताशी ६० किमी वेग, ७० किलोचा माणूस, अर्ध्या मीटरात थांबला तर सरासरी जोर जवळजवळ दोन टन. खांद्याचे पट्टे खूप खाली बांधले की तो जोर मणका चेपतो. पायांमधला पट्टा नसेल तर बक्कल वर खेचलं जातं आणि कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटात घुसतो. गाडी उलटून टप दबला तर तुम्ही आपले खिळल्यासारखे ताठ! काही जण तर नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारतात. एफआयएच्या नियमात त्यामागे किमान ३ मिमी जाड, ४० चौरस सेमीची पोलादी प्लेट लागते.

ट्रॅकवर उतरायचंय? जरूर उतरा. पण मग सहा-पट्टी हार्नेस, सीट, केज, हान्स, सगळा संच जाणकाराकडून बसवा. रस्त्यावर नील्स बोलिनने १९५९ साली व्होल्वोसाठी केलेला तीन-बिंदूंचा बेल्टच बरा. तो गाडीच्या सीट आणि एअरबॅगसकट तपासलेला असतो, फुकट मिळालेला असतो, फक्त लाल नसतो.

आणि मागचा बेल्ट? ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. तेव्हा आठवडाभर हळहळलो आपण सगळे. मग विसरलो.

मित्रा, रागावू नकोस. रोह्याहून मी ट्रेनने परत आलो, त्याचं कारण हे. काकूंचा बेल्ट जागेवर आला की फोन कर.