खोबरेल तेलाविषयीं थोडेंसें

‘तेल’ हा शब्द आपल्या भाषेंत आला तो तिळापासून. तिळापासून निघालें तें तैल. तेव्हां व्युत्पत्तीच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास ‘खोबऱ्याचें तेल’ हा शब्दप्रयोग म्हणजे वदतोव्याघातच होय! परंतु व्यवहार व्याकरणासाठीं थांबत नाहीं. आणि आमचे वैयाकरणहि असे समंजस कीं, इतर पदार्थांच्या स्नेहासहि ‘तैल’ म्हणतां यावें अशी सोय त्यांनीं करून ठेविली. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, जुन्या वैद्यकग्रंथांत अभ्यंगासाठीं जें तेल श्रेष्ठ मानिलें आहे तें तिळाचें. खोबरेलाचें माहेर किनाऱ्यावर. यास्तव घाटावरची सासू व कोकणची सून यांनीं ‘आमचेंच तेल शास्त्रोक्त’ असा वाद घालण्यांत स्वारस्य नाहीं. या विषयावर वाचकभगिनींचीं जीं पत्रें आमच्याकडे आलीं, त्यांतील निम्मीं या वादाचींच आहेत.

तेल काढण्याचे प्रकार दोन. सुकें खोबरें घाण्यांत घालून काढतात तें आपलें नेहमींचें खोबरेल. दुसरा प्रकार कोकणांतील जुन्या घरांचा: ओला नारळ खवून तो चव वाटावयाचा, रस पिळून मंदाग्नीवर आटवावयाचा, पाणी निघून गेलें म्हणजे तळाशीं तांबूस चोथा राहतो व वर स्वच्छ तेल सुटतें. यास ‘आवेल’ म्हणतात. हल्लीं ‘व्हर्जिन’ हें नांव लावून जें महाग तेल विकतात, तेंहि ओल्या नारळाचेंच. मात्र तें काढतांना फारशी उष्णता देत नाहींत. त्याचा वास उत्तम असतो. परंतु केवळ केसांना लावण्यासाठीं तेवढा पैसा खर्चावा, असें आम्हांस वाटत नाहीं.

घरीं माका, ब्राह्मी किंवा जास्वंद घालून तेल उकळणाऱ्या भगिनींस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पाल्यांतील पाण्याचा अंश तेलांत राहिला तर तें लवकर बिघडतें व त्यास बुरशी धरते. पाक केव्हां पुरा झाला हें ओळखण्याची शास्त्रकारांची कसोटी आजहि तितकीच उपयोगी आहे: तेलावर फेंस येऊं लागतो, गाळाची बोटांनीं वात वळतां येते, आणि ती वात विस्तवावर धरली असतां तडतडत नाहीं. अभ्यंगाच्या तेलास तर खरपाकच, म्हणजे थोडा अधिक कडक पाक, सांगितला आहे.

आतां केसांकडे वळूं. खोबरेलांतील स्निग्धाम्लांपैकीं सुमारें निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. या आम्लाचे कण लहान व सरळ असल्यानें हें तेल केसाच्या वरच्या आवरणावर न थांबतां आंत शिरतें. केस पाण्यानें फुगतो व वाळल्यावर आकसतो. हें वारंवार झालें कीं त्याचें आवरण उचकटतें व आंतील प्रथिन झिजून जातें. सन २००३ मध्यें मुंबईच्या दोघां संशोधकांनीं खोबरेल, सूर्यफूल-तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं, प्रथिनाची झीज खोबरेलानेंच लक्षणीय कमी झाली, इतर दोहोंनीं नाहीं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनींतील होते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तथापि त्यांनीं दिलेली कारणमीमांसा सयुक्तिक आहे असें आमचें मत आहे. तात्पर्य, न्हाण्यापूर्वीं कांहीं तास तेल लावून ठेवण्याची आपल्या आजीबाईंची रीत न्हाल्यानंतर केस चोपडण्याइतकीच, किंबहुना अधिक, शहाणपणाची होती.

परंतु ‘तेलानें केस उगवतात’ हें म्हणणें निराळें. डोक्यावर दिसणारा केस हा निर्जीव तंतु आहे. तो जपतां येईल, त्यास वाढविण्याची आज्ञा तेल देऊं शकत नाहीं. बाळंतिणीचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत भराभर गळूं लागतात. त्या वेळीं घरांत नवें तेल येतें. पुढें केस आपोआप थांबतात, आणि यश मात्र तेलाच्या पदरीं पडतें! गळणें थांबतच नसेल तर रक्त कमी आहे काय, गलग्रंथीचा विकार आहे काय, हें वैद्यांकडून पाहून घ्यावें. कोंडा झालेल्या मुलीच्या डोक्यावर तर बळेंच तेल थापूं नये. कोंड्याशीं संबंध असलेली सूक्ष्म बुरशी त्वचेवरील स्निग्धतेवरच जगते. तिला रोज जेवूं घालण्यांत काय हंशील? मुरुमांचा त्रास असलेल्या तरुण मुलामुलींनींहि तें तोंडास चोळूं नये, रंध्रें बुजतात. कोरडे हात, भेगाळलेल्या टाचा, थंडींत उकललेली त्वचा यांवर मात्र खुशाल लावावें.

एका भगिनीचें पत्र आम्हांस फार विचारांत पाडणारें वाटलें. तिच्या दोन महिन्यांच्या बाळास न्हाऊं घालणारी बाई रोज नाकांत व कानांत खोबरेलाचे थेंब सोडते. नको म्हटलें तर सासूबाई दुखावतात, कारण त्यांचीं सर्व मुलें अशींच वाढलीं. बाळाच्या मर्दनाविषयीं सासूबाईंचें म्हणणें बरोबर आहे. ‘इंडियन पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकांत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना खोबरेलानें चोळल्यावर त्यांचें वजन खनिज तेलापेक्षां अधिक वेगानें वाढलेलें आढळलें. हलक्या हातानें टाळू भरण्यासहि आमची हरकत नाहीं. ती दाबूं मात्र नये. परंतु नाकांत तेल सोडणें आजच बंद करावें. पाणी श्वासनलिकेंत गेलें तर ठसका लागतो. तेल मात्र ठसका न लावतां मुकाट्यानें फुफ्फुसांत उतरूं शकतें, आणि तेथें जो दाह होतो तो तान्ह्या जिवास भारी पडतो. शास्त्राचा आधार हवा असेल, तर वाग्भटानें सात वर्षांखालील मुलास नस्य वर्ज्य सांगितलें आहे. प्रतिमर्श नांवाच्या अल्पमात्र प्रकारास त्यानें वयाची अट घातली नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. पण फुफ्फुसांचें छायाचित्र पाहण्याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें, तें आपल्याजवळ आहे. आमच्याच वयाच्या त्या सासूबाईंस आमची हात जोडून विनंती आहे कीं, हा प्रश्न सुनेनें जिंकावयाचा वा आपण हरावयाचा नसून बाळाच्या श्वासाचा आहे. कानांतहि कांहीं घालूं नये.

भाजल्यावर तेल लावण्याची खोडहि सोडावी. तेलानें उष्णता आंतच कोंडते. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा.

खोबरेल खाण्याचें कीं डोक्याचें, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. २०१८ सालीं दोघां न्यायमूर्तींचें एकमत झालें नाहीं. पुढें १८ डिसेंबर २०२४ रोजीं तिघांच्या पीठानें ठरविलें कीं, केवळ लहान बाटलींत भरल्यामुळें खाद्य खोबरेल केशतेल ठरत नाहीं. वादाचें मूळ अर्थातच करांत होतें. त्या वेळीं खाद्यतेलावर शेंकडा ५ व केशतेलावर १८ कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलहि ५ वर आलें. गिऱ्हाइकानें यांतून एवढें घ्यावें कीं, बाटलीवर नारळाचें चित्र आहे यावर न जातां बारीक अक्षरें वाचावींत. कित्येक सुवासिक केशतेलांत ‘लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ हेंच मुख्य असतें. ज्या बाटलीवर ‘खाद्य खोबरेल’ असें स्पष्ट लिहिलेलें असेल ती आम्ही पसंत करतों. स्वयंपाकघरांत व न्हाणीघरांत एकच चालते.

थंडींत तेल थिजलें म्हणून तें भेसळीचें समजूं नये. सुमारें २४ अंश सेल्सियसखालीं तें गोठतेंच. बाटली कोमट पाण्याच्या तांब्यांत उभी करून ठेवावी, शेगडीवर नव्हे. त्यापेक्षां रुंद तोंडाची काचेची बरणी सोयीची पडते. मात्र तींत ओला हात घालूं नये.