रॅम महागली, जुना हिशेब मोडला

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी संगणक जुळवणाऱ्यांचा हिशेब वर्षानुवर्षे ठरलेला होता. पैसा ग्राफिक्स कार्डावर घालायचा, रॅमची एकच स्टिक घ्यायची आणि दुसरी पुढे स्वस्त झाली की बसवायची. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि हा हिशेब मोडला.

कारण दूरचे आहे. जगातील बहुतेक डीरॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी ‘एचबीएम’ मेमरीही त्यांचीच. तेवढ्याच क्षमतेसाठी ती साध्या डीडीआर५च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन वेफर खाते. नफा तिकडे मोठा असल्याने घरगुती ग्राहक रांगेत मागे गेला. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा ग्राहकविक्रीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीरच केले. नवा चिप कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात, त्यामुळे ‘थोडे थांबू’ या धोरणात फारसा अर्थ उरलेला नाही.

अशा वेळी जुळणीतली चूक महागात पडते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही स्टिकना २८८ पिनाच असतात. पण खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. एएमडीच्या एएम५ बोर्डावर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही चालवतात, बोर्ड मात्र बघूनच घ्यावा लागतो. ‘दुसरी स्टिक नंतर’ हेही आता तितके सोपे नाही. एकच स्टिक असली की मेमरीचा एकच मार्ग वापरला जातो. आधी दोन लावून पुढे आणखी दोन वाढवाव्यात, तर रायझन ९००० मालिकेत अधिकृत वेग ५६००वरून ३६००वर येतो. म्हणजे लागेल तेवढी रॅम पहिल्याच खरेदीत, दोन स्टिकच्या जोडीने घेणे शहाणपणाचे.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी वेगळी असते. डीडीआर४च्या संगणकात जीडीडीआर७चे कार्ड बिनदिक्कत चालते. तिथे अडचण दुसरीच आहे : ही मेमरी कार्डावर कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते. ८ जीबी भरली की उरलेला मजकूर मुख्य रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआयई मार्गाने ये-जा करतो. या कार्डाला त्या मार्गाच्या आठच लेन मिळतात. जुन्या बी४५० बोर्डावर हा मार्ग तिसऱ्या पिढीचा असल्याने आणखी अरुंद होतो आणि खेळ अडखळू लागतो.

गंमत म्हणजे रॅम वाचवण्यासाठी नेमके असेच जुने बोर्ड आज सांभाळून ठेवले जात आहेत. तो निर्णय चुकीचा नाही. हातातली डीडीआर४ ठेवून, बायोस अद्ययावत करून बी४५०वर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवणे हा सध्याचा सर्वांत काटकसरी मार्ग आहे. फक्त कार्डात कंजुषी करू नये, १६ जीबीचेच घ्यावे. जुन्या बाजारातून रॅम घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्टची एक पूर्ण फेरी चालवून बघावी.