गंजावर काळं फासणं म्हणजे कोटिंग नव्हे



मे महिना आला की रस्त्याकडेला बोर्ड लागतात, ‘अंडरबॉडी कोटिंग, एका तासात’. पिकअप रॅम्पवर चढते, खालून पाण्याचा फवारा बसतो, चासी ओली असतानाच काळं फासतात, पैसे देऊन आपण घरी. वाकून बघितलं तर चासी नवीकोरी! मी स्पष्टच बोलतो. ओल्या, गंजक्या चासीवर मारलेलं काळं कोटिंग गंज थांबवत नाही, झाकतं. उघडा गंज निदान डोळ्याला दिसतो तरी.

कारण साधं आहे. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. गंजाचा भुसभुशीत थर पाणी धरून ठेवतो. वरून रबरी कोटिंग बसलं की ते पाणी कोंडतं. दगड लागून एक टवका उडाला की नवीन पाणी आत शिरतं, पण वाळत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून फुगतो आणि कोटिंग उचलतो.

त्यात आपल्या गाड्या शहरातल्या कारसारख्या नाहीत. आपण खतं वाहतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, वजनाने जवळपास निम्मं क्लोराइड. मिठाने लोखंड खातं ते याच क्लोराइडमुळे. फाटक्या गोणीतलं पोटॅश चासीच्या खाचेत पडतं, त्यावर चिखल बसतो, वर शेणखताची ओल. खताची खेप झाली की साध्या पाण्याने खालून धुवा. यासारखं स्वस्त औषध नाही.

“मग मारायचं काय?” डब्याचं नाव नंतर, आधी लोखंडाची अवस्था बघा.

१) रंग शाबूत असेल तर: धुवा, पूर्ण वाळवा आणि मेणाचं, मऊ राहणारं कोटिंग द्या. ते कडक होऊन तडकत नाही, पण झिजतं, म्हणून दरवर्षी बघून पुन्हा हात मारावा लागतो. काळं रबरी कोटिंगही इथे चालतं, विशेषतः चाकाच्या वरच्या बाजूला जिथं खडी उडते. ते वाईट नाही, चुकीच्या जागी वाईट आहे.

२) वरवरचा गंज असेल तर: ग्राइंडर, वायर ब्रश लावून सुटे पापुद्रे काढा. थिनरने ग्रीस पुसा. मग इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वर रंग. जस्ताचा प्रायमर मारायचा तर लोखंड चकचकीत उघडं पाहिजे. जस्त लोखंडाला चिकटून असेल तरच ते स्वतः आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. गंजावर मारलं तर पैसे वाया.

रस्ट कन्व्हर्टर पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजापुरता. हिरड्याच्या पाण्यात लोखंड काळं पडतं ना, टॅनिन असलेल्या कन्व्हर्टरचं काम तसंच. जाड पापुद्र्यावर तो नुसता वरचा पदर काळा करतो.

आणि रेड ऑक्साइड! जुन्या काळी लोखंडाला शेंदूर, म्हणजे शिशाचा प्रायमर लावत. तो खरंच गंजाशी झुंजायचा, पण विषारी म्हणून मागे पडला. रेड ऑक्साइडमधला लाल रंग लोखंडाच्याच ऑक्साइडचा. रंग सारखा म्हणून गुण सारखा होत नाही.

३) टोचणी आत जात असेल तर: तिथं कोटिंगवाल्याचं काम संपलं. चासीचं काम जाणणारा मिस्त्री गाठा. भरल्या कांद्याच्या गाडीने घाट उतरताना पाट्याचं हँगर सुटलं, तर आत बसलेल्या माणसांचा जीव जातो.

चासीचा बंद चौकोनी भाग तर आतून सडतो. बाहेरून कितीही रंगवा. तिथं लांब नळीने मेण फवारावं लागतं. पाणी निघून जायला कंपनीने भोकं ठेवलेली असतात आणि एका तासवाले नेमकी तीच काळ्याने बुजवतात!

काळ्या जळक्या ऑईलबद्दल बोललो की जुनी मंडळी चिडतात. चार दिवस ते पाणी झटकतं, मान्य. पण पावसात ते धुऊन जातं कुठं? आपल्याच बांधावर, आपल्याच विहिरीकडे. झिजलेल्या इंजिनाची धातूची भुकटी आणि आम्ल त्यात असतं. रबरी बुश फुगून मऊ पडतात, धूळ चिकटून लगदा होतो तो वेगळाच. फुकट मिळतं म्हणून औषध होत नाही.

काम करून घेताना गाडीपाशी उभे राहा. चासी नंबरवर थर नको, पासिंगला अडचण होते. ब्रेकची डिस्क, ड्रम, सायलेन्सर झाकून घ्या. घासणाऱ्याच्या डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क हवाच. आणि हे काम कडक उन्हाच्या दिवसांत उरका, मृगाची वाट बघू नका.

गाडीचे हप्ते आपण भरतो, सगळा भार ती चासी उचलते. म्हणून दुकानात गेल्यावर “कुठल्या कंपनीचं कोटिंग?” हे शेवटी विचारा. पहिला प्रश्न हा: “घासणार किती वेळ आणि वाळवणार किती वेळ?” उत्तर ‘एका तासात सगळं’ असलं, तर गाडी मागे वळवा.