हजारेंचे मोल धावांच्या बेरजेत मावत नाही

वडोदऱ्याच्या विजय हजारेंच्या नावे 30 कसोटींत 2,192 धावा आहेत. आजच्या राशींपुढे हा आकडा किरकोळ वाटतो आणि चाहते त्यावरच निकाल देतात. हा अन्याय आहे. महायुद्धाने कसोटी क्रिकेट थांबवले होते. हजारेंना पहिली कसोटी 1946 मध्ये, एकतिसाव्या वर्षी मिळाली. त्यांची काही शतके इंग्लंडच्या दुय्यम संघाविरुद्धची, हा आक्षेप खरा आहे. पण 1948 च्या अ‍ॅडलेड कसोटीत समोर ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलियन संघ, लिंडवॉल आणि मिलर हे वेगवान गोलंदाज होते. तिथे त्यांनी 116 आणि 145 केल्या. दुसऱ्या डावात भारताच्या एकूण धावा 277. बचावात्मक कर्णधार म्हणून त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हेही मोजावे, की भारताचा पहिला कसोटी विजय, 1952 चा मद्रासचा, त्यांच्याच नेतृत्वाखालचा.