तब्येत धरली म्हणे!

कॅन्सर म्हटला की मराठी घरात एकच चित्र उभे राहते. गाल बसलेले, सदरा अंगावर लोंबतोय, ताटातले अर्धे तसेच. त्यामुळे निदान झालेला गृहस्थ सहा-आठ महिन्यांत गरगरीत दिसू लागला की भेटायला येणाऱ्यांना हायसे वाटते. ‘औषध लागू पडलं हो, तब्येत धरली,’ असे म्हणत बरोबर आणलेला डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे केला जातो. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर हार्मोनची इंजेक्शने चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत हे कौतुक बहुतेक वेळा चुकते. त्याचे मांस उतरत असते आणि त्या जागी चरबी चढत असते. लाडू त्या चरबीचीच सोय करतात.

असे का होते हे काही गूढ नाही. प्रोस्टेटच्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर पोसतात. तो पुरवठा तोडला की रोग मागे हटतो, हे शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. तेव्हा उपाय म्हणजे अंडग्रंथी काढून टाकायच्या, नाहीतर स्त्री-संप्रेरक द्यायचे. पुढे अँड्र्यू शॅली यांच्यासारख्या संशोधकांनी मेंदूतून सुटणाऱ्या हुकमी संप्रेरकाचा छडा लावला आणि त्याच्या आधारे ल्युप्रोलाइडसारखी औषधे निघाली. आता महिन्याने किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घेतले की काम भागते. ज्यांना तो खर्च झेपत नाही ते आजही शस्त्रक्रियेचीच वाट धरतात. वाट कुठलीही असो, शरीराच्या लेखी पुरुषी संप्रेरक संपलेले असते. खच्ची केलेला बोकड चरबीने भरतो, हे कुठल्याही धनगराला ठाऊक आहे. ओपीडीत मात्र पेशंटला ते समजावून सांगायला कोणाला सवड नसते.

बॉस्टनच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. ल्युप्रोलाइड घेणाऱ्या पुरुषांना त्यांनी ४८ आठवडे तपासले. वजन सरासरी २.४ टक्क्यांनीच वाढले होते. सत्तर किलोच्या माणसाला हे पावणेदोन किलोही होत नाहीत, म्हणजे दिवाळीत वाढते तेवढेच. पण त्या वजनाच्या पोटात शिरून पाहिले तर चरबी ९.४ टक्क्यांनी वाढली होती आणि चरबी सोडून उरलेला देह २.७ टक्क्यांनी घटला होता. काटा दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून एकच आकडा दाखवतो आणि माणूस गाफील राहतो. पोट सुटते आणि हातापायांच्या काड्या होतात. जिन्याचा कठडा धरावासा वाटू लागतो. ‘वयच झालंय आता,’ असे म्हणून तोही विषय मिटतो.

प्रश्न दिसण्याचा नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदींमधून ७३,१९६ वयस्क रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही इंजेक्शने घेणाऱ्यांना मधुमेह जडण्याचा धोका ४४ टक्क्यांनी जास्त दिसला, हृदयविकाराचाही वाढलेला आढळला. २०१० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापायला लावला. आपल्याकडे आधीच पोटावर चरबी आणि रक्तात साखर घेऊन साठी गाठणारे घरोघरी आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा सावकाश चालतो. इंजेक्शनखाली तो वर्षानुवर्षे दबून राहतो, आणि या पुष्कळ रुग्णांचा शेवट कॅन्सरने नव्हे, हृदयाच्या दुखण्याने होतो. रक्तातली प्रोस्टेटची खूण असलेले पीएसए शून्याच्या जवळ आणि बायपासची तारीख महिन्यावर, असला यशस्वी उपचार कोणाला हवा आहे?

तरीही कमरेचा घेर कोणी मोजत नाही. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटरची मर्यादा सांगितलेली आहे, आणि शिंप्याची टेप काही महाग नसते. घरी कळावे तर निवृत्त मराठी माणसाचा दिवस नाडीच्या पायजम्यात जातो. पँटचे बटण निदान कुरकुर करते, नाडी काही बोलत नाही. ती आपली सैल होत जाते.

डॉक्टरांसमोरून उठता उठता पेशंट विचारतो, ‘पथ्य काय?’ उत्तर मिळते, ‘काही नाही, सगळं खा.’ फार तर कागदावर ‘सकस आहार घ्यावा’ असे दोन-तीन शब्द पडतात. डॉक्टरांचा हेतू चांगलाच असतो. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा असतो आणि बाहेर रांग असते. पण ‘सगळं खा’ याचा आपल्या घरात होणारा अर्थ त्यांनी लक्षात घ्यायला हवा. सगळे म्हणजे जे आजवर चालत आले ते, आणि वर आजारपणाचे म्हणून तूप, खजूर, बदामाचा शिरा.

आजवर चालत आलेले काय असते ते एकदा मांडून पाहावे. सकाळी चहा-बिस्किटे, मग पोहे किंवा उपमा. दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची नाहीतर भोपळ्याची भाजी, वरणभात, थोडे ताक. चारला चहा आणि चिवडा. रात्री पोळी-आमटी, नाहीतर ‘हलकं’ म्हणून मऊ खिचडी. भूक भागते, पोट भरते. पण सगळी प्रथिने मोजली तर ती चाळीस ग्रॅमच्या आसपासच अडकतात. कर्करोगाच्या रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने द्यावीत, असे आहारतज्ज्ञांच्या युरोपातल्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. सत्तर किलोच्या माणसाला किमान ७० ग्रॅम झाले. म्हणजे ज्याचे स्नायू औषधाने रोज झिजताहेत त्याला आपण जवळपास निम्म्या शिध्यावर ठेवतो आणि पिठूळ पदार्थांनी त्याचे पोट सुटायला हातभार लावतो.

यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे आणि त्याला पावडरीचे डबे लागत नाहीत. पोह्यांऐवजी दोन अंडी घेतली तर बारा ग्रॅम तिथेच झाले. अंडे चालत नसेल त्याने मुगाचे धिरडे खावे, बरोबर वाटीभर दही. वरण म्हणजे डाळीचे पाणी नव्हे. ते भाताच्या डोहात ओतण्याऐवजी घट्ट करून वाटीने खावे. मटकी, वाल, हरभरे, चवळी यांच्या उसळी आपल्याकडे आहेतच, पण त्या आठवड्यातून एखादा दिवस उगवतात. त्या रोज एका जेवणात आल्या पाहिजेत आणि पोळ्या त्या मानाने एकेक कमी झाल्या पाहिजेत. चारच्या चहाबरोबर चिवड्याच्या जागी मूठभर फुटाणे. कोकण-गोव्याकडच्यांना तर हा विषय शिकवायलाच नको, बांगडा शंभर ग्रॅम खाल्ला तरी वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने देतो. रवा लावून तेलात सोडण्यापेक्षा कालवणात घातला तर बरे, आणि भाताचा डोंगर निम्मा केला तर अधिक बरे.

सोयाबीनचे आपल्याकडे एक नवलच आहे. विदर्भ-मराठवाड्यात शिवारेच्या शिवारे त्याने भरतात, लातूरची बाजारपेठ त्याच्या भावावर हलते, आणि ते पिकवणाऱ्याच्या ताटात ते तेल होऊनच येते. ‘बायकांचे हार्मोन वाढतात’ या भीतीने पुरुष त्याच्या वड्यांना हात लावत नाहीत. नेहमीच्या आहारातल्या सोयाबीनने पुरुषांच्या संप्रेरकांवर असा परिणाम होत नाही, हे अभ्यासांनी तपासून झाले आहे. आणि ज्याचे टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनने मुळावरच तोडले आहे, त्याने वाटीभर वड्यांना घाबरावे म्हणजे कमालच झाली.

तेलाचा हिशेब मात्र ताटात दिसत नाही, तो किराण्याच्या यादीत दिसतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींप्रमाणे माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरते. नवरा-बायको दोघेच असतील तर महिन्याला दीड किलो धरावे. पाच लिटरचा डबा अशा घरात तीन महिने चालला पाहिजे. किती चालतो ते घरचीला विचारा. साखरेचेही तसेच. दोन चमच्यांचे चार कप चहा म्हणजे चाळीस ग्रॅमच्या घरात साखर झाली. शक्य तर २५ ग्रॅमच्या आत राहा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि अजून लाडवाच्या डब्याचे झाकण उघडलेलेही नाही.

लाडवांच्या उलट टोकाचेही लोक आहेत. वजन वाढल्याचे कळताच त्यांना झटका येतो आणि रात्रीचे जेवण बंद होते. कोणी व्हॉट्सॲपवर वाचून ‘साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो’ म्हणत फळेही सोडतो, कोणी गव्हांकुरांच्या रसावर दिवस काढतो. कोणी आठवड्याचे तीन उपास धरतो आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरीचा भात यांवर एकादशी दुप्पट खाशी करून मोकळा होतो. साबुदाण्यात प्रथिने नावालाही नसतात. प्रथिनांवाचून केलेल्या उपासमारीत चरबीबरोबर मांसही जाते, आणि या माणसाजवळ ते आधीच कमी असते. काटा खाली आल्याचा आनंद होतो आणि आदल्या महिन्यात सहज उचलली जाणारी पिशवी जड वाटू लागते. डब्यातल्या गोळ्यांचेही असेच. भाचा अमेरिकेहून ‘प्रोस्टेटला चांगलं’ म्हणून ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवतो. तिथल्याच पस्तीस हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवरच्या चाचणीत, रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला, हे २०११ मध्येच छापून आले आहे.

खाल्लेली प्रथिने स्नायूंच्या कामी यायची तर स्नायूंना काम द्यावे लागते. सकाळचा फेरफटका चांगला, पण तो पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटा देणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, असला जोराचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा हवा. कॅनडात १५५ रुग्णांवर बारा आठवडे असा प्रयोग झाला. ताकद वाढलीच, वर थकवाही कमी झाला. रोग हाडांत उतरला असेल तर मात्र कुठले वजन उचलायचे ते आधी डॉक्टरांना विचारावे. या उपचारात हाडेही विरळ होतात. नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही हे त्यासाठी आहेत, आणि ड जीवनसत्त्व रक्तात किती आहे ते पाहूनच गोळी घ्यावी.

इथे काही अपवाद सांगायलाच हवेत. प्रोस्टेटने लघवीची वाट अडवून मूत्रपिंडाला इजा झालेली असते, असे रुग्ण आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे त्यांनी प्रथिनांचे वरचे आकडे स्वतःच्या मनाने गाठू नयेत. काहींना याच कॅन्सरवर ॲबिरॅटेरॉनची गोळी दिली जाते. तिच्याबरोबर स्टेरॉइड असते, त्याने भूक आणि साखर दोन्ही वाढतात. ही गोळी एरवी उपाशीपोटी घ्यायची, कारण अन्नाबरोबर ती कितीतरी पटींनी जास्त शोषली जाते. काही डॉक्टर मुद्दाम कमी मात्रा नाश्त्याबरोबर देतात. तेव्हा आपल्याला काय सांगितले आहे ते पाळावे, शेजारच्या पेशंटचे पाहून बदलू नये. दोन-चार दिवसांत वजन चढले आणि पाय सुजले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. आणि काही न करता वजन उतरू लागले तर वर सांगितलेले सगळे बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

या सगळ्यात ज्या व्यक्तीला काही विचारले जात नाही ती घरातच असते. या उपचाराने आता नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या अंगातल्या वाफा, रात्रीचा घाम, विनाकारण चढणारे पोट, हाडांची कुरकुर, चिडचिड हे सारे बायकोने पन्नाशीच्या आसपास भोगलेले असते, तेही बहुधा कोणाला न सांगता. नवऱ्याला मात्र आपली छाती बाईसारखी भरते आहे हे तिच्याजवळही बोलायची लाज वाटते. ते बोलणे झाले तर निम्मे काम स्वयंपाकघरात आपसूक होईल. काय सोसते आणि काय बाधते हे तिच्याइतके डॉक्टरांनाही माहीत नसते. फक्त सगळा भार तिच्यावर टाकून गृहस्थाने बाहेर वडापाव खाऊ नये, एवढे पाळावे.

बरीचशी चरबी पहिल्या वर्षातच चढते. एकदा चढलेली उतरवणे अवघड, चढू न देणे त्या मानाने सोपे. तेव्हा सल्ला द्यायचा तो पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी, पोट सुटल्यावर नव्हे. हार्मोन सुरू करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने त्याच दिवशी आहारतज्ज्ञाची दहा मिनिटे लावून द्यावीत, साखर आणि कोलेस्टेरॉल आधी तपासून ठेवावे आणि दर खेपेला कंबर मोजावी. रुग्णाच्या कार्डावर पीएसएचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी कमरेचा एक रकाना आखून द्यायला छापखानेवाला काही जास्त पैसे मागणार नाही.